प्रगतिपुस्तक सुट्टीनंतर

प्रिय कुसुमताई,

आज सकाळी साडेसातला मी तुझा फळा पुसला. ओरडू नकोस, आधी सगळं ऐकून घे. तू गेल्यापासून पाच आठवडे त्याला कुणी हात लावला नव्हता. ‘उन्हाळ्याची सुट्टी. प्रगतिपुस्तक सुट्टीनंतर.’ तुझ्या टपोऱ्या अक्षरातल्या या दोन ओळी वाचनालयाच्या दाराबाहेरच्या छपरीत तशाच होत्या आणि येणारे-जाणारे त्या वाचून पुढे जात होते. या आठवड्यात आपल्याकडच्या शाळा उघडल्या. म्हणजे सुट्टी संपली ना ताई? मग प्रगतिपुस्तक कुठे आहे, असं लोक मला विचारायला लागले!

पण नुसतं तेवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. फळा मी आज दुसऱ्यांदा पुसला. पहिल्यांदा पुसला तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोलले होते. ते तुला ठाऊक होतं, हे मला काल दुपारी पक्कं कळलं. कसं कळलं ते सांगते.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? कन्हानच्या शाळेतून निवृत्त होऊन तू आपल्या वस्तीत आलीस आणि वाचनालयाचा फळा ताब्यात घेतलास. मी सदर भागातल्या कचेरीत जन्मभर टायपिंग केलेली बाई, माझ्याकडे फक्त किल्ली. मी कुलूप उघडायचं आणि तू सुविचार लिहायचा. किती वर्षं चाललं ते! मग एका शनिवारी मी किल्ली घेऊन येते तर काय, तू पायरीवर बसून हातावरचा खडू झटकत होतीस आणि सुविचाराच्या जागी हे होतं :

विद्यार्थ्याचे नाव : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.
गणित : आज लावलेला कर उद्या बदलतो, परवा पुन्हा लावतो. एका उत्तरावर टिकत नाही.
भूगोल : शेजाऱ्यांच्या नकाशावर स्वतःचे नाव लिहितो.
भाषा : स्वतःसाठी विशेषणे पुष्कळ, इतरांसाठी टोपणनावे.
वर्तन : चूक दाखवली की दाखवणाऱ्यावर ओरडतो.
चांगली गोष्ट : आवाज खणखणीत आहे. मंचावर घाबरत नाही.
शेरा : सुधारणेस वाव आहे.

मी कपाळावर हात मारला. “ताई, हे काय लिहून ठेवलं? लोक हसतील!”

“हसू दे ना वं. सुविचार वाचून कोणी हसलं होतं काय आजवर?”

समोरच्या बिल्डिंगमधले धोटेकाका, एसटीतून निवृत्त झालेले, पेपर घ्यायला म्हणून आले आणि फळ्यासमोर खिळले. राष्ट्राध्यक्ष हा त्यांचा लाडका माणूस. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“ताई, आपल्या नाल्यावर लिहा ना,” ते म्हणाले. “अमेरिका काय वाचायले येऊन राहिली काय इथं?”

“नाल्यावर लिहिलं तं नगरसेवक तरी कुठं वाचते गा भाऊ? कोणीच वाचत नाही तं मोठ्यालेच सांगतो ना मी.”

“मानूस दमदार आहे तो. आपल्या देशाचं भलं पाहून राहिला, त्यात काय चुकलं? आन् निवडून आला आहे, चोरून नाही आला.”

“मॉनिटरही निवडूनच येते भाऊ. म्हणून त्याले प्रगतिपुस्तक देत नाही काय?”

धोटेकाकांनी तुझ्या हातातला खडू घेतला आणि खाली लिहिलं, ‘पालकांचे म्हणणे : मुलगा हुशार आहे. बाई चिडक्या आहेत.’ आणि खाली झोकात सही ठोकली! तू हसून हसून पायरीवरून घसरायची बाकी होतीस. तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तू प्रगतिपुस्तक लिहायचीस आणि काका त्यावर पालक म्हणून भांडायचे. तिकडे कुणी कुणाला अरेतुरे केलं, कुणाला देशाबाहेर काढलं, कोणता करार मोडला, तू पेपरातून कात्रणं काढून ठेवायचीस. काकाही कात्रणं आणायचे, उलटी! दोघंही हट्टी. वाचनालयात माणसं मात्र वाढली, हे मान्य केलंच पाहिजे.

खरं सांगू, मला तुझा राग यायचा. तुझ्या भाच्याच्या कारखान्यातली एक पाळी अमेरिकेच्या त्या करांमुळे बंद झाली, हे मला माहीत होतं. तरी वाटायचं, एवढ्याशा फळ्यावर लिहून काय होणार? एकदा मी तसं बोललेही. तू चष्मा पुसत म्हणालीस, “गावचा पाटील खोटं बोलून राहिला आणि त्याले कोणीच काही म्हणत नाही, हे पोट्टे पाहतात शालू. मंग तेही तसंच शिकतात. मले त्याले नाही सुधरवायचं. ह्या पोट्ट्याइले दिसलं पाहिजे, का कोणीतरी शेरा मारते.”

आणि तुझे नियम तरी किती! राष्ट्राध्यक्षाच्या केसांवर लिहायचं नाही, रंगावर नाही, बायको-मुलांवर नाही. एका तरुणाने केसांवर एक फक्कड ओळ सुचवली तर तू त्याला म्हणालीस, “केसावर लिहायचं असंन तं सलूनमध्ये जाय बाप्पा. इथं वागणुकीवर लिहितात.” एखादी बातमी खोटी निघाली की पुढच्या महिन्यात सगळ्यात वर ती दुरुस्ती असायची, तीही मोठ्या अक्षरात. आणि एक चांगली ओळ लिहिल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही. एका महिन्यात तुला काही केल्या ती सापडेना. तू अकरा वाजेपर्यंत उन्हात उभी! शेवटी धोटेकाकांनाच विचारलंस, “सांगा ना भाऊ, तुमच्या पोराचं काहीतरी चांगलं.” काकांनी सांगितलं ते तू जसंच्या तसं लिहिलंस.

आता एप्रिलकडे येते. यायलाच हवं.

माझ्या सईला अमेरिकेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो तुझ्यामुळे. माझ्या या नातीच्या अर्जाचा निबंध तू तीनदा फाडलास आणि तीनदा लिहून घेतलास. मग व्हिसाची गडबड सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, आता मुलांनी फोनवर काय काय टाकलं तेही तपासतात. आणि आमच्या सईने काय टाकलं होतं? मार्चच्या प्रगतिपुस्तकाशेजारी उभी राहून, बत्तीशी काढून हसतानाचा फोटो! पोरीची दोन वर्षांची मेहनत एका फळ्यापायी जाणार, एवढंच मला दिसत होतं. सईला विचारलंही नाही मी. फटफटताच उठले, जुन्या जांभळ्या पातळाचा तुकडा ओला केला, आणि छपरीत जाऊन तुझा फळा कोरा करून आले. फोटो फोनमध्ये तसाच राहिला, हेही माझ्या लक्षात आलं नाही. भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठून असणार?

तू आलीस. ओल्या फळ्याकडे बघत राहिलीस. “कोणं पुसलं वं?”

“मला काय माहीत? रात्री अवकाळी आला असेल.”

तू आधी वर छपराकडे पाहिलंस, मग बाहेरच्या कोरड्या ठणठणीत रस्त्याकडे. “छपरी फोडून आला काय?”

ताई, तेव्हाच का नाही झापलंस मला? शाळेतल्या पोरांना तर कान धरून उभं करायचीस! तू फक्त खडू उचललास, सुट्टीच्या त्या दोन ओळी लिहिल्यास आणि म्हणालीस, “सईचं होऊन जाऊ दे पहिले.” मी त्यातलं काहीच ऐकलं नाही असं दाखवून कुलूप लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मे महिन्यात तू पारशिवनीला बहिणीकडे निघालीस. जाताना खडूचा डबा माझ्या हातात ठेवलास. “तुह्याजवळ राहू दे. आल्यावर घेतो.” आलीच नाहीस. बहिणीकडे दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस, असं फोनवर कळलं. मी तो डबा कपाटात वर टाकून दिला. उघडायचा धीरच होत नव्हता.

काल उघडला. नव्या खडूंच्या वर माझ्या जांभळ्या पातळाचा तुकडा होता, स्वच्छ धुतलेला आणि चौकोनी घडी घातलेला. त्या सकाळी घाईत मी तो फळ्यावरच विसरले होते, आणि हे पातळ नेसून मी वर्षानुवर्षं तुझ्यासमोरच वावरले होते. मी जमिनीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. खोटं बोलतो, चूक दाखवली की दुसऱ्याकडे बोट करतो, असं तू दर महिन्याला त्या दूरच्या माणसाबद्दल लिहायचीस. आणि इथे तुझ्याच शेजारी बसून मी पावसावर ढकलून मोकळी झाले होते!

सई धावत आली. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिची व्हिसाची मुलाखत अजून व्हायचीच आहे ताई, तारीख पुढे गेली. मी म्हटलं, “बेटा, मला फळ्यावर हे लिहायचं आहे. पण तुझ्या कामात काही आडवं आलं तर?”

तिने ते फडकं उचलून घेतलं आणि म्हणाली, “आजी, फोटोत मी हसून राहिली होती ना? मले हसू आलं म्हणून हसली. त्यात कोणाले शिवी नाही, खोटं नाही. नाही मिळाला व्हिसा तं दुसरी जागा पाहू. पण तू भिऊन फळा पुसला म्हणून मिळाला, असं नको मले.”

निबंध तीनदा फाडून लिहून घेतल्याचा हा परिणाम, दुसरं काय!

तर आज सकाळी त्याच फडक्याने, भर उजेडात, चार लोकांदेखत मी तुझ्या ओळी पुसल्या. आणि लिहिलं :

विद्यार्थिनीचे नाव : शालिनी, वाचनालयाची किल्ली सांभाळणारी.
वर्तन : एप्रिल महिन्यात कुसुमताईंचा फळा चोरून पुसला. विचारल्यावर पावसाचे नाव सांगितले.
कारण : भीती.
चांगली गोष्ट :

इथे मी अडकले. तुझा नियम मोडता येईना आणि ओळ सुचेना. धोटेकाका मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढतील. ते खडू मागून घेऊन पुढे झाले आणि माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षराशेजारी त्यांनी लिहिलं, ‘स्वतःहून सांगितले.’

मग चष्मा काढून डोळे पुसत मला म्हणाले, “पण पुढच्या महिन्यात माह्या पोराचं प्रगतिपुस्तक आलं पाहिजे, सांगून ठेवतो. ताई गेल्या तं मी काय बिनकामाचा पालक झालो काय?”

शेरा सईने लिहिला. काय लिहिला ते तुला सांगायला नको. नंतर तिने काकांच्या हातात फोन दिला आणि फळ्याशेजारी उभी राहून पुन्हा तशीच बत्तीशी काढून हसली. काकांनी तीन फोटो काढले, तिन्हींत त्यांचं बोट आलं.

तर ताई, माझा शब्द घे. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रगतिपुस्तक निघेल. राष्ट्राध्यक्षांचं निघेल, आणि काकांनी आग्रह धरलाय म्हणून नाल्याचंही निघेल. केसांवर एक अक्षर लिहिणार नाही. माझं चुकलं तर दुरुस्ती सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. चांगली ओळ सापडेपर्यंत उन्हात उभी राहीन, नाहीच सापडली तर काकांना विचारीन. फडकं धुऊन वाळत घातलं आहे, वाळलं की तुझ्यासारखीच घडी घालून डब्यात ठेवते. आणि यापुढे हा फळा नवीन लिहायचं असेल तेव्हाच पुसीन.

सुधारणेस वाव असलेली
तुझी शालू