गाळलेलं वचन

८ ऑक्टोबर, बुधवार
बायका आज परत आल्या. सहा जणी. आमच्या हिला, सुशीलाला, लकवा मारून दोन महिने झाले, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तरी हिचा बुधवारचा बायबलचा शास्त्रपाठ काही सुटत नाही. वीस वर्षं हीच शिकवायची. मी शाळेतनं येऊन चहा घेतला की पाराकडं निघायचो. आता वाचणारं कोणी नाही.
सगुणाबाई म्हणाली, "गुरुजी, तुमीच वाचा की. चार वळी कानावर पडल्या की बरं वाटतंय."
म्हटलं, माझं अन् देवाचं बोलणं बंद आहे. आमचा पोरगा अमोल गेल्यापासून चर्चची पायरी चढलो नाही, साऱ्या शिरूरला ठाऊक आहे.
"मग आमच्याशी बोला," म्हणाली. आता हिला काय सांगणार! वाचलं. सुशीला पलंगावरून बघत होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार
सु.च्या वहीत पाठांचा क्रम लावलेला. आज योहान, अध्याय अकरा. प्रभू येशूचा मित्र लाजर आजारी, बहिणी प्रभूला निरोप धाडतात. मग सहावं वचन. निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथंच राहिला.
गाळलं. सरळ सातवं घेतलं.
टक टक टक. सु.चा डावा हात. बांगडी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर. मी तसंच पुढं रेटलं. परत टक टक. हिला सगळं तोंडपाठ! बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. डोकं दुखतंय म्हणालो, पुस्तक मिटलं.
चौतीस वर्षं पोरांना ओळ गाळली म्हणून बाकावर उभं केलं. आज बायकोनं मला उभं केलं.

१६ ऑक्टोबर
दोन दिवस.
उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागं ना दिवा ना काही. अमोलची मोटारसायकल तिच्यावर. बीडच्या दवाखान्यात बरोबर दोन दिवस होता पोरगा. मी जिन्याखाली गुडघे टेकून... निरोप धाडला नाही असं कोणी म्हणू नये.
सु. तिथंच होती, माझ्या शेजारी. मग हिला ते वचन सोसतं कसं? विचारावं तर वाचा नाही. वाचा होती तेव्हा विचारलं नाही. दीड वर्ष घरात त्याचं नाव काढू दिलं नाही मी. लई मोठा गुरुजी.

२९ ऑक्टोबर, बुधवार
दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या हलल्या. चार बायका गेल्या. सगुणाबाई अन् तिची जाऊ तेवढ्या उरल्या.
परत तोच अध्याय. दुसरं पान काढलं की टक टक. शेवटी वाचलं नाहीच, सांगितलं. म्हटलं, इथं लिहिलंय की तो दोन दिवस हललाच नाही. आवाज चढला माझा. "का नाही आला तो? सांगा की! तुमची बाई शिकवत होती ना?"
जाऊ बिचारी घाबरून पदर सावरायला लागली.
सगुणाबाई म्हणाली, "म्हाईत न्हाई, गुरुजी. आमी बाईला इचारलं होतं. बाई म्हनल्या, मलाबी कळलं न्हाई. पर वचन कडू लागलं म्हनून थुकायचं न्हाई. पुढं वाचायचं. पुढं तो येतोय."
"आमच्याकडं कुठं आला?"
तिनं सु.कडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "हे शिकवताना बाई लई रडायच्या."
मला माहीत नव्हतं. बुधवारी मी पारावर असायचो.

५ नोव्हेंबर, बुधवार
सगुणाबाईची टोळी सकाळी गेली. जाण्याआधी येऊन सु.च्या पायाशी बसली, प्रार्थना केली. मला म्हणाली, "कुनी न्हाई म्हून बंद करू नका. मी तिकडं उसाच्या फडात बुधवारची प्रार्थना धरते."
दुपारी एकट्यानंच पुढचं चाळलं. लाजरची बहीण मार्था प्रभूला वाटेतच गाठते अन् तोंडावर सुनावते, तू असतास तर माझा भाऊ मेला नसता. दोनदा वाचलं. माझंच गाऱ्हाणं, माझ्या आधी कोणीतरी घातलेलं, अन् ते पुस्तकातनं कोणी काढून टाकलेलं नाही. आधी राग आला. मग जरा बरं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सु.ला गिळता येईना. डॉक्टर बघून गेले. "आता घरीच राहू द्या, गुरुजी." एवढंच.
चर्चची घंटा झाली. घराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. परत फिरलो. हिला एकटीला कसं...

१२ नोव्हेंबर, बुधवार
चार वाजता खुर्ची पलंगाजवळ ओढली. ऐकायला एकटी सु. डोळे मिटलेले. बांगडी मनगटात राहत नाही, कोपराकडं सरकते.
अध्याय अकरा. सहाव्याशी आलो, सातवं घेतलं. थांबलो. टक टक नाही.
"सुशीला, गाळलं मी."
काही नाही. श्वास चालू होता, बारीक.
"अगं, गाळलं ना!"
या बुधवारी मला कोणी उभं करणार नव्हतं. मागं आलो. पोरांना लावायचो तसं ओळीखाली बोट धरलं अन् सहावं वाचलं. मोठ्यानं, सगळं. दोन दिवस म्हणताना हुंदका आला, येऊ दिला. मग तिला म्हणालो, अमोल. दीड वर्षात पहिल्यांदा.
सहाव्यापासनं प्रभू लाजरच्या गावाशी पोचतो तिथवर अकरा वचनं आहेत. चार वाचून झाली. चमच्यानं पाणी घशाखाली उतरतंय का बघतो, मग पुढचं घेतो.