हॉल्मगोरला काही नाही

…आणि एस्पर टॉफ्ट यांच्या नावे लिहिलेला बॅरोमीटर मी आत्ता खोडला आहे. रेघेच्या दोन्ही टोकांना माझी आद्याक्षरे आहेत. एस्पर, आमच्या शाळेचे मास्तर, समोर बसून पाहत होते. मी कारण सांगितले: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याची साक्ष त्यावर चालत नाही. ते म्हणाले, "राहू द्या, साहेब. हवा काय, खिडकीतूनही दिसते."

मी, लाऊरिट्स ब्रेनडाल, वय शहात्तर, लांगेलँड बेटाचा निवृत्त न्यायाधीश, संसदेचा माजी सभासद, एका हिवाळ्यापुरता न्यायमंत्री, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय फार दिवस चालणार नाही. डोके चालते आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

हे नोटरीसमोर व्हायला हवे होते. नोटरी स्वेन्बोर्गला आहेत आणि मधले पाणी गोठले आहे. बर्फ बोट जाऊ देत नाही आणि माणसाचे वजनही पेलत नाही. म्हणून दोन साक्षीदार.

कलम १. रुडक्योबिंगच्या बंदराजवळचे माझे घर, आतल्या सर्व सामानासह, सिसेल रास्क यांना द्यावे. मी या बेटावर बदलून आलो तेव्हापासून हे घर त्या चालवतात. कायद्याने त्या माझ्या कोणी नाहीत. मी दोनदा लग्नाचे विचारले. पहिल्यांदा त्या हसल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "एक नवरा समुद्राने नेला. पुन्हा विधवा व्हायला मला वेळ नाही. मासे साफ करायचेत." मी पुन्हा विचारले नाही.

कलम २. माझा पुतण्या प्रेबेन, कोपनहेगनमधला वकील, याला माझी कायद्याची पुस्तके. तो नाताळात आला होता आणि जेवणानंतर खिडक्या मोजत फिरला. "काका, उन्हाळ्यात भाड्याने द्यायला झकास घर आहे हे."

"आणि सिसेल?"

"त्यांना चांगलंसं प्रमाणपत्र लिहून द्या की. कुठेही काम मिळेल."

सिसेल अडुसष्ट वर्षांच्या आहेत. मृत्युपत्र टिकले नाही तर घर प्रेबेनचे होईल, आणि तो थांबणारा नाही. बाकीची कलमे पडली तरी चालतील. पहिले पडू नये.

कलम ३. होडी नावाडी राउन यांना. सफरचंदाची कलमे करायची सुरी पाद्रीबाबांना. मोठे भिंग डॉक्टरांना, त्यांना चिठ्ठीवरचे स्वतःचे अक्षर वाचता यावे म्हणून. पाइप पोस्टमास्तरांना. शेजारच्या बाईंना शिवणयंत्र. मागच्या शरदात मी कागदावर अशा वस्तू वाटत सुटलो. साक्षीदार लाभार्थी निघाला म्हणून मी स्वतः न्यायासनावरून मृत्युपत्रे रद्द केली आहेत. तरी आज साक्षीदार शोधायला बसलो तेव्हा कळले, की बंदरापासून चर्चपर्यंत ज्याच्यावर विश्वास टाकावा असा एकही माणूस मी कोरा ठेवलेला नाही. एस्परना खोडून एक मिळाला. बाकीचे या बर्फात आजारी तरी आहेत किंवा बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

कलम ४. क्नुड हॉल्मगोर, शेतकरी, दूधसंघाचे अध्यक्ष, संसदेत माझ्या समोरच्या बाकावरचे, यांना काही नाही. टाचणीसुद्धा नाही. मी मंत्री असताना एक विधेयक मांडले होते: मालक वारला तर घरात राबणाऱ्या माणसाला वर्षभर त्या छपराखालून काढता येऊ नये. ते एका मताने पडले. आदल्या संध्याकाळी हॉल्मगोर यांनी माझा हात धरून होकार दिला होता. हा माणूस शब्दाला जागत नाही. माझ्या कबरीपाशी त्याने बोलू नये.

ज्याला काही मिळत नाही असा तो एकटा उरला. जेवणानंतर एस्पर त्याला घेऊन आले. खोलीत बोलले जाते ते लिहून ठेवायची मला न्यायालयापासून सवय आहे, म्हणून पुढचेही येथे लिहितो.

हॉल्मगोर उभ्यानेच म्हणाला, "वाच."

"साक्षीदाराने वाचायची गरज नसते. मी सही करताना पाहायचं, मग आपली करायची."

"न वाचलेल्या कागदावर मी सही करत नाही. दूधसंघातसुद्धा नाही."

मी वाचले. चौथे कलमही वाचले. एस्पर जमिनीकडे पाहत राहिले.

"शब्दाला जागत नाही, हे काढ," हॉल्मगोर म्हणाला.

"काढता येत नाही. काढलं तर तुला काहीतरी मिळालं, असं पुतण्या म्हणेल. सहीच्या बदल्यात मिळालं, असंही म्हणेल. मग तुझी साक्ष बाद आणि घर गेलं."

"म्हणजे शिवी ठेवलीस तरच मी चालतो?"

"हो."

"काय रे हा तुझा कायदा, लाऊरिट्स! इतकी वर्षं बडवलास आणि हे हाताला लागलं?"

टोपी घालून तो दाराकडे गेला. मी लिहीत राहिलो. विनंती केली असती तर तीही उद्या कोणी माझ्याविरुद्ध मांडली असती. दारात सिसेल कॉफी घेऊन उभ्या होत्या.

"सही करा नाहीतर करू नका, हॉल्मगोर," त्या म्हणाल्या. "पण बुटांचा बर्फ माझ्या फरशीवर वितळवत उभे राहू नका. बसा तरी, नाहीतर जा तरी."

तो बसला. कॉफी निम्मी प्यायला.

"मला मतं देणारे सगळे गडी ठेवणारे होते," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "आज मत मागितलंस तरी मी नाहीच म्हणेन."

"ठाऊक आहे."

"पण आदल्या संध्याकाळी हो म्हणालो होतो. तेही खरं. आणि सिसेल काही गडी नाही. हे बेटावर सगळ्यांना कळतं, तुलाच ते कागदावर लिहावं लागतं." त्याने पेला खाली ठेवला. "कबरीपाशी मात्र मी बोलणार."

"तेव्हा मला हरकत घेता येणार नाही."

"तेच म्हणतो. लेखणी दे."

कलम ५. अंत्यविधी साधा असावा. भाषण होणार असेल तर लहान असावे.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर, ते दोघे एकाच वेळी खोलीत असताना, सही करून पक्का केला. सिसेल रास्क त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या.

लाऊरिट्स ब्रेनडाल

साक्षीदार:
एस्पर टॉफ्ट, शिक्षक
क्नुड हॉल्मगोर, शेतकरी. चौथ्या कलमासह वाचून सही केली.

रुडक्योबिंग, १४ फेब्रुवारी १९२४

दुसऱ्या दिवशीची नोंद: ब्रेनडालसाहेब सकाळी अंथरुणात मृत आढळले. तारघर उघडताच पुतण्याला तार केली. त्यांचे उत्तर आले: घराला कुलूप लावून किल्ली पाद्रीबाबांकडे द्यावी. हॉल्मगोर यांनी स्वतः तारघरात जाऊन उलट तार केली: कुलूप लावता येत नाही, मालकीण आत आहे. — ए. टॉफ्ट