तुमच्या पायाखालची फरशी

बाबा, तुम्ही लावलेली फरशी मी काढून टाकली. सगळ्या घरातली नाही, तुमच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पॅसेजमधली. आई तिथे पडली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी मलाच धारेवर धरलं, या वयाच्या बाईला असल्या उंचसखल फरशीवर चालू कसं देता म्हणून. बाहेरच्या माणसाने तुमच्या कामाला नाव ठेवलेलं तुम्हाला चाललं नसतं, म्हणून मी तिथेही तुमचीच बाजू घेतली. म्हटलं, आमच्या भिंती वाकड्या आहेत.

तुम्हीही तेच म्हणायचात. भूकंपाने जबलपूर हलवलं तेव्हा आपलं दीक्षितपुऱ्यातलं घर पडलं नाही, पण पॅसेजची एक भिंत पुढे आली आणि जमीन स्वयंपाकघराकडे खचली. घरोघरी दुरुस्त्या निघालेल्या, मिस्त्री मिळेना. फॅक्टरीत आयुष्यभर केसाएवढी चूक खपवून न घेणारा माणूस मिस्त्र्याची वाट कशाला बघतोय. तुम्ही सुट्टी टाकलीत आणि भिंतीला धरून टाइल्सची पहिली ओळ लावलीत. भिंतच वाकडी, तेव्हा ओळही तिच्या मागोमाग तिरकी गेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत एका बाजूला अख्खी टाइल आणि दुसऱ्या बाजूला सुरीच्या पात्याएवढा निमुळता तुकडा. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे काहून असं?" तुम्ही थापी आपटलीत. "भिंत वाकडी आहे. मी सरळच लावून राहिलो." आम्ही दोघी तोंड फिरवून हसलो, आणि तुम्हाला ते कळलं होतं असं आता वाटतं.

मग साखरेने तुमचे डोळे नेले. आधी पेपर गेला, मग माणसांचे चेहरे. आणि ज्या फरशीला आम्ही हसलो तिनेच तुम्हाला सांभाळून घेतलं. तुमच्या दाराशी एका टाइलचा कोपरा उचललेला, पुढे दोन टाइल्स खचलेल्या, शेवटी तो निमुळता तुकडा. तुम्ही अनवाणी, पाय घासत, भिंतीला हातही न लावता जायचात. तुकडा टाचेखाली आला की स्वयंपाकघर आलं. पॅसेजमधून दोन माणसं एका वेळी जात नाहीत, म्हणून पाय घासल्याचा आवाज आला की आई आणि मी भिंतीला पाठ लावून उभ्या राहायचो, तुम्ही पुढे जाईपर्यंत.

एका हिवाळ्यात तुमचे पाय गार पडतात म्हणून मी तिथे सतरंजी अंथरली. तुम्ही येता आणि मध्येच थांबता. पाय पुढे टाकता, मागे घेता. मग तुमचा आवाज चढतो, "कोणी सांगितलं होतं तुला? माझ्याच घरात मला हरवून टाकतेस?" मी सतरंजी गुंडाळते आहे आणि तुम्ही दोन्ही हातांनी भिंत चाचपता आहात. तुमचा राग मी लहानपणापासून ओळखत होते. तुम्हाला घाबरलेलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तर आई पडल्यावर मी नेपियर टाउनमधून न घसरणाऱ्या टाइल्स आणल्या. मिस्त्री भैयाने दोरी ताणली, काटकोन बघायला कोपऱ्यात गुण्या धरला आणि हसायला लागला. "दीवार का भरोसा मत करो दीदी, बीच से लाइन पकड़ेंगे. ये लगाया किसने था?" आई आतून म्हणाली, "थे एक, बड़े गुस्सेवाले." भैयाने छिन्नी काढली आणि मी त्याला म्हटलं, आज नहीं, कल आइए.

कारण तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. सगळं सपाट केलं तर बाबा येणार कसे, हे माझ्या मनात आलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, असलं बोलणाऱ्या मुलांना मी गप्प बसवते. पण तुम्ही गेल्यापासून आवाज यायचा, बाबा. दुपारी घर शांत झालं की तुमच्या दाराशी पाय घासायला लागायचे आणि उंबऱ्याशी थांबायचे. फ्रिज असेल, शेजारच्यांचं काही असेल. इतक्या वर्षांत आईला कधी विचारलं नाही. तिला ऐकू येत नसेल याची भीती वाटायची आणि येत असेल याचीही.

भैया गेल्यावर मी आईला म्हटलं, "राहू दे का हे असंच? त्या उचललेल्या टाइलपाशी तू जरा जपून चालत जा."

"मी काय तिला ठेचाळली होती?"

"मग पडलीस कशी?"

ती प्लास्टरवरून बोट फिरवत राहिली. "हे येऊन राहिले होते. मी बाजूला झाली. घाईत झाली, तोल गेला."

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. आणि मला तुमचा भयंकर राग आला. तुम्ही असताना ती बाजूला व्हायची ते मी समजू शकते. तुम्ही गेल्यावरही तिने हाडं मोडून घेत तुम्हाला वाट द्यायची? दुसऱ्या दिवशी मी भैयाला सांगितलं, एकदम सपाट करा, जुना एक तुकडाही ठेवू नका. डॉक्टरांना वाटतं ते आईच्या पायांसाठी केलं. मी ते तुम्हाला वाट सापडू नये म्हणून केलं.

ते जमलं. आवाज बंद झाला. आई आता पॅसेजच्या मधोमध चालते, हातात कप असला तरी थबकत नाही. बरं वाटतं का, विचारलं तर म्हणाली, "चांगली झाली. मोकळं मोकळं आहे." मग खिडकीबाहेर बघत बसली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. दुपारी आई झोपली की मी पॅसेजमध्ये जाते आणि भिंतीला पाठ लावून थोडा वेळ उभी राहते. कोणी येत नाही.