डावा सात, उजवा सहा

तीर्थरूप ताईस,

आठांपैकी गुडघे आणि पावलं वगळून उरतील तेवढ्या अंगांनी नमस्कार. वगळलेली अंगं हल्ली माझं ऐकत नाहीत, तेव्हा त्यांच्या वतीने मी काही कबूल करत नाही. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. भावोजींचा खोकला आणि त्यावरची आपली बडबड, दोन्ही पूर्वीसारखंच चालू असेल. इकडे आमचे हे मजेत आहेत. चाळीस वर्षं दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचले, तरी यांच्या पायाला कधी साधा फोड आला नाही, आणि आता निवृत्त झाल्यावर केवळ मला दाखवायला म्हणून रोज सकाळी चार किलोमीटर चालून येतात. (सहा वर्षांनी पत्र लिहिताना एकदम 'तू' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून 'आपण' म्हटलं. पुढच्या ओळीपासून तू तूच आहेस, कारण रागात माझा आदर फार वेळ टिकत नाही.)

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. तुझ्याकडून मला काहीही नको आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पायांचं काय झालं ते तुला कळावं, आणि कळल्यावर एक दिवस तरी तुझा घास घशात अडकावा, एवढाच हेतू.

तुला आठवत नाही असं तू म्हणशील, म्हणून पहिल्यापासून लिहिते. माझा डावा पाय सात नंबरचा आणि उजवा सहाचा. तुझं बरोबर उलटं, डावा सहा, उजवा सात. (देव आपली मापं घेताना मध्येच कोणीतरी त्याला हाक मारली, असं आई म्हणायची.) यावर तोड आईनेच काढली. एकाच घडणीचे दोन जोड घ्यायचे, एक सहाचा, एक साताचा, आणि दुकानातच चारही बूट जमिनीवर मांडून वाटणी करायची. मोठा डावा मला, मोठा उजवा तुला, बूट एकही वाया नाही. शाळेपासून पन्नाशी उलटेपर्यंत आपल्यापैकी एकीनेही एकटीने बूट असे कधी घेतलेच नाहीत. तुला तपकिरी आवडायचे आणि मला कामावर काळेच लागायचे, म्हणून तू आयुष्यभर काळे घातलेस, हे मी नाकारत नाही. त्याचा उल्लेख तू वेळोवेळी केलेला आहेस.

मग आई गेली. पुढच्याच रविवारी तू माझ्याकडे तिच्या खोलीत बसून तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होतीस, आणि मी तुला म्हणाले, "तू नेहमी बसायलाच आलीस." आठ महिने आई माझ्या घरी अंथरुणाला खिळून होती. तू दर रविवारी यायचीस, पलंगाशी खुर्ची ओढून बसायचीस, आणि मी उभी. औषध द्यायला उभी, चादर बदलायला उभी, तुझा चहा करायला उभी. ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही. तू हातातली घडी अर्धीच टाकलीस. उठलीस, दाराशी गेलीस, आणि तिथल्या चार बुटांतले पुढे आले ते दोन पायात घालून तरातरा निघून गेलीस. मागे वळून बघते तर उरलेले दोन्ही सहाचे. माझा डावा सात तू नेलास. साताचा अख्खा जोड घालून एक बाई गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते आणि डावा बूट पायात खुळखुळतोय हे तिला कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? मला वाटलं, संध्याकाळपर्यंत परत येशील. (बुटासाठी म्हणते आहे.)

तेव्हापासून हा डावा पाय माझ्या जिवावर उठला आहे. तुला माहीतच आहे, आम्हा इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणाऱ्यांना चप्पल चालत नाही. उकळतं पाणी कधी कुठून सांडेल नेम नसतो, म्हणून काळे, बंद बूट, हा नियम. समोर वाफेची इस्त्री, खाली सिमेंट, आणि दिवसाला चारशे चादरी, अभ्रे वेगळे. रुग्णालयात शिरलेला प्रत्येक माणूस त्या चादरींवर आडवा होतो, आणि त्या सपाट करणाऱ्या बाईला टेकायला स्टूल नाही. आमच्या सुपरवायझर बाईंच्या नाकातून बोलताना बारीक आवाज येतो, म्हणून त्यांना आम्ही 'शिट्टी' म्हणतो. त्यांनी मला दोनदा चादरींवर बसलेलं पकडलं आहे. तिसऱ्यांदा सापडले तर तळघरात मोजे मोजायला पाठवतील. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तीस वर्षं जिच्या चादरीला सुरकुती सापडली नाही, तिने शेवटी लोकांच्या मोज्यांच्या जोड्या जुळवाव्यात, यात काही न्याय आहे का? (जोड्या जुळवण्यात आपलं घराणं किती तरबेज आहे ते वर आलंच आहे.)

आधी मी डॉक्टरकडे गेले. पायाचा खास डॉक्टर, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या अंगातला कोट मीच कडक केलेला होता, त्यामुळे तो ताठ बसला होता आणि मी त्याच्यासमोर वाकडी उभी होते. हा मनुष्य चाकांच्या खुर्चीवरून उठत नाही. टेबलापासून भिंतीवरच्या एक्स-रेपर्यंत, एक्स-रेपासून माझ्यापर्यंत, सगळीकडे पायाने जमीन ढकलत घरंगळत येतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, तळव्याची कमान बसलीय, टाचेत शीर सुजलीय, अशी यादी वाचून त्याने सल्ला दिला की शक्यतो उभं राहू नका. मी विचारलं, इस्त्री आडवं पडून करू का? त्यावर त्याने वजन कमी करा असं लिहून दिलं आणि घरंगळत निघून गेला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी गुडघ्यापर्यंतच गेली, पुढे चढायला तिच्यात त्राण नव्हतं.

मग दुकानं. ताई, दुकानात प्रत्येक बूट पायाला होतो. त्याचं गुपित गालिच्यात आहे. तुला गालिच्यावर चार पावलं चालवतात, आरशात पायांची जोडी दाखवतात, विक्रेता अंगठ्याने बुटाचं नाक दाबतो आणि तुला काय वाटतंय ते तोच तुला सांगतो. घट्ट आहे म्हटलं की वापरून सैल होतील. सैल आहे म्हटलं की पाय भरतील. सोमवारी सिमेंट लागतं तेव्हा हा माणूस तिथे नसतो. मी साताचा जोड घेऊन पाहिला, उजव्यात कापूस कोंबून. तिसऱ्या दिवशी ओल्या फरशीवर उजवा बूट पुढे गेला, मी मागे राहिले, आणि ओल्या चादरींच्या ढकलगाडीत बसले. (बसलेली सापडल्याची ही दुसरी वेळ. शिट्टीबाईंनी पडणं आणि बसणं यात फरक केला नाही.) मग हवेच्या गादीचे बूट घेतले. ते पावलागणिक 'चीं' करत. ज्या खात्यात वाफेच्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे माझं चालणं दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. पंधरा दिवसांत वाफेने त्यांचा गोंद सुटला, आणि एका दुपारी मी पुढे निघाले तर तळवा मागे इस्त्रीपाशीच चिकटून राहिलेला. माझ्यापेक्षा तोच कामाला जास्त चिकट निघाला. त्यानंतर यांचे बूट घालून पाहिले, तीन मोज्यांवर. हे दिवसभर घरात बूट शोधत बसले, आणि संध्याकाळी माझ्या पायात दिसल्यावर म्हणाले की दुखणं तुझ्या मनात आहे. माझ्या मनात काय आहे ते मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

फिरून फिरून मी त्याच जुन्या सहाच्या जोडावर आले, तू मागे ठेवलेल्या. कोपऱ्यावरच्या चांभाराने दोनदा तळवे बदलून दिले. डावा तरीही चावतच होता, म्हणून एके दिवशी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि हाड वर आलंय तिथे बुटाला रुपयाएवढी खिडकी पाडली. काय सांगू ताई, सहा वर्षांत पहिल्यांदा त्या पायाने श्वास घेतला. पण भोक नियमात बसत नाही. तेव्हा मी रोज सकाळी कामाला निघण्याआधी खिडकीतून बाहेर आलेल्या हाडाला काळं पॉलिश लावू लागले. बुटाला लावते तेच, ब्रशने, नीट घासून. चार महिने कोणाला पत्ता लागला नाही. मग वरून मोठे साहेब तपासणीला आले, आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं, खाली बघत बघत आले आणि माझ्यापाशी थांबले. म्हणाले, बूट असे हवेत, बघा काय चमक आहे. चमकत होतं ते माझं हाड होतं. शिट्टीबाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन रॉकेलच्या बोळ्याने पाय पुसला आणि न्हाणीघरात दार लावून रडले. बाकी सगळं हसण्यावारी नेलं तरी चालेल, हे नेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी आपल्या जुन्या दुकानात गेले. सहा वर्षं मी त्या रस्त्याने जातच नव्हते, पलीकडच्या रस्त्याने वळसा घालत होते, दुखऱ्या पायांनी. म्हातारे दुकानदार आता नाहीत. त्यांची सून बसते. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही, माझ्यामागे दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकट्याच आलात? चार बूट मांडायला दोघी लागतात ना?" मी म्हणाले, ताई कामात आहे. तिने मापाची पट्टी काढली, पाय मापले, आणि एक जोड पुढे ठेवला. रुंद नाकाचा, दोरीचा, तळवा मऊ पण दबत नाही असा. मी गालिचा सोडून बाहेर फुटपाथच्या सिमेंटवर दहा मिनिटं उभी राहिले. काही झालं नाही. ताई, माझ्या पायांना काही झालं नाही, हे मी शेवटचं कधी म्हटलं असेल?

तर असं आहे. बूट मिळाले, माझं काही अडलेलं नाही. हे तुला कळावं म्हणून पत्र. भावोजींना नमस्कार सांग, तुला वर सांगितलेला आहेच.

तुझी,
कागदोपत्री धाकटी बहीण

ता. क. पत्रासोबत एक खोकं पाठवलं आहे. त्यात एक डावा सहा आणि एक उजवा सात आहे. तपकिरी नाहीत, काळेच आहेत. मी दोन जोड घेतले, कारण दोन बूट फेकून देणं आईच्या लेकीला जमत नाही, आणि वाटणी केल्याशिवाय ती सून दुकानातून हलू देईना. परत पाठवू नकोस. पाठवलेस तर मी ते पोस्टातून घेणार नाही. माझा जुना डावा सात मात्र आण. तो माझा आहे.

ता. क. २. 'आण' असं लिहून गेले, 'पाठव' लिहायचं होतं. आता खोडत नाही, कागद घाण होतो. तू रविवारी पलंगाशी बसायचीस तेव्हा आई हसायची. माझ्यासमोर आठ महिन्यांत ती एकदाही हसली नाही, कारण मी तिच्यासमोर एकदाही बसले नाही. मी दारात उशी हातात धरून उभी राहायचे आणि तुमचं ऐकायचे. राग त्याचा होता. तुझ्या बसण्याचा नव्हता. एखाद्या रविवारी बसायला ये. खुर्ची तिथेच आहे.

ता. क. ३. हे सांगणार नव्हते. त्या सुनेने पाय मापले तेव्हा म्हणाली, तुमचे दोन्ही पाय आता साताचे झालेत, उभं राहून राहून उजवाही पसरला, एकच जोड पुरेल. मी तिला म्हणाले, तुमची पट्टी बिघडली आहे. मग सहाचा जोडही मीच मागून घेतला, दोन्ही बांधून घेतले आणि तुझ्या वाटणीचे तुला पाठवले. हे पत्र लिहितेय तेव्हा माझ्या उजव्या पायात सहाचा बूट आहे आणि तो चावतोय. तुझाही डावा पसरून साताचा झाला असेल, तर मेहरबानी करून मला कळवू नकोस. सहाचा घाल, आणि लंगडत ये.