उदगीर स्टेशनवरचं लाल फडकं

मंगळवार, संध्याकाळ. लातूर.

ओवीची फाईल आज पूर्ण झाली. परदेशातलं जोडपं तिला दत्तक घेतंय, संस्थेतर्फे फक्त माझी सही राहिलीय. ‘बाळासोबत मिळालेल्या वस्तू’ या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘काही नाही’. खोटं. उदगीर स्टेशनवर सापडली तेव्हा तिच्या गळ्यात लाल फडक्यात बांधलेलं इष्टलिंग होतं. देवाची वस्तू फाईलींच्या कपाटात कशी टाकायची, म्हणून मी ते घरी आणून देव्हाऱ्यात ठेवलं. मग विसरले. विसरले? रोज त्याच्यापुढे दिवा लावते की!

आम्हा लिंगायतांत बाळाला लिंग बांधायला स्वामी घरी येतात. बांधणाऱ्याला ते घर आठवेल, हे मला सुचू नये?

संस्थेत ओवीला सांभाळणाऱ्या सखूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "ताई, आता कशाला उकरून काढायल्या? पोरीचं लई चांगलं व्हायलंय."

चौकशी लांबली तर ती अजून काही महिने इथं राहील, म्हणून तर नाही ना हे सुचलं मला? असेलही. पण घर सापडलं तरी ती जाणार, नाही सापडलं तरी जाणार.

सही केली नाही. उद्या उदगीरला जाते, लिंग बांधणाऱ्या स्वामींना शोधायला. लाल फडकं लिंगासकट आत्ताच पर्समध्ये ठेवलं. दिवा लावायला बसले, तर देव्हाऱ्यातली तेवढीच जागा दिसत राहिली.