गवतातल्या चोवीस होड्या

ड्राय फोर्क, साउथ डकोटा
९ ऑक्टोबर १९५२

ती. ऑगस्टभाऊजी यांस,

डेल्बर्टचा सविनय नमस्कार. आपली कंबर आता सरळ झाली असेल आणि कोराताईने आपल्याला पुन्हा मक्याची कणसं सोलायला बसवलं असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त डोकं किंचित तरंगतं. ते का, हे सांगायलाच हे पत्र.

मिनिआपोलिसच्या रुडबेक कंपनीत माझं काम आपल्याला ठाऊक आहेच. कुणी दुकानदार उधारीवर माल मागतो. मी त्याच्या बँकेला विचारतो, जुन्या व्यापाऱ्यांना विचारतो, आणि हा गृहस्थ पैसे देईल की पसार होईल ते मालकांना कळवतो. (सर्कशीच्या तंबूवाल्याबाबत मी चुकलो, पण त्याचं अक्षर फार देखणं होतं.) गेल्या महिन्यात इथल्या क्लेमेंट वोसिका नावाच्या हार्डवेअरवाल्याने वल्ह्यांच्या चोवीस होड्या मागवल्या, तीन महिन्यांच्या उधारीवर. आमच्या जाडजूड पतपुस्तकात देशातल्या लहानसहान दुकानदाराच्या नावापुढेही एखादं बरंवाईट अक्षर असतं. वोसिकाच्या नावापुढे काहीच नव्हतं. रुडबेकसाहेबांनी नकाशा उघडला, तर ड्राय फोर्कला केसाएवढा एक ओढा. म्हणाले, “नायगार्ड, आधी सर्कस, आता गवतात होड्या! स्वतः जाऊन बघा. या वेळी चुकलात तर खुर्चीवरचा कोट घेऊनच निघा.”

तर मी इथे आलो. आधी बँकेत गेलो. मॅनेजर हॉर्टन कपाळाला हात लावून म्हणाले, “वोसिका? एकतीस वर्षं ओळखतो. आजवर एक डॉलर कर्ज घेतलेलं नाही. सांगा, अशा माणसावर भरवसा ठेवायचा तरी कसा?” मग न्हाव्याकडे गेलो. तो म्हणाला, वोसिका हजामतीचे पैसे खुर्चीत बसायच्या आधीच देतो, त्यामुळे गावात थोडा संशय आहेच. भाऊजी, वीस वर्षांत मी बुडव्यांची अनेक प्रकरणं पाहिली, पण सगळं रोखीनं घेतल्यामुळे पत नसलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या फॉर्ममध्ये तशी जागाच नाही.

वोसिका साठीचा, धिप्पाड आणि कमी बोलणारा. हिशेबाची वही मागितली तर म्हणाला, “वही दुकानात आहे. आधी चला माझ्याबरोबर.” गावामागच्या उतारावर त्याचं शेत आहे. तिथे कमरेएवढ्या गवतात एक जुनी निळी होडी ठेवलेली होती. “बसा,” तो म्हणाला आणि खिशातून एक सरकारी कागद काढून माझ्या हातात दिला. मी बसलो. (सरकारी कागद वाचायला माणसाला कुठेतरी बसावं लागतंच.) कागदात लिहिलं होतं की अकरा मैल खाली धरण होतंय, मार्चमध्ये हा सगळा उतार पाण्याखाली जाणार आणि भरपाईची रक्कम जानेवारीत मिळणार. म्हणजे गावाला तळं, होड्यांना गिऱ्हाईक आणि तीन महिन्यांचा हिशेब चोख. माझं काम तिथेच संपलं होतं.

पण वारा सुटला, भाऊजी. गवत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटांसारखं वाकत निघालं, ढगांच्या सावल्या त्यावरून सरकू लागल्या आणि होडी चालू लागली असं मला खरंच वाटलं. त्याची बायको लुडमिला कॉफी आणि खसखस भरलेले गोड पाव घेऊन आली आणि पुढच्या फळीवर बसली. “आईनं लावलेली आलुबुखाराची झाडं ती,” तिनं खाली बोट दाखवलं. “तोडणार नाही मी. उभीच बुडू देत. वसंतात त्यांच्यावरून एकदा होडी न्यायचीय.” वोसिका दुसरीकडे बघत म्हणाला, “उगाच रडू नकोस, साहेब आलेत.” ती म्हणाली, “मी कुठे रडतेय? तुमचाच रुमाल ओला आहे.” मग किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. भानावर आलो तेव्हा वल्ही माझ्या हातात होती आणि मी ती मारत होतो. दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला: ‘माणूस उत्तम. पाणी येत आहे.’ साहेबांची तार आली, चोवीसच्या चोवीस मंजूर. गुरुवारच्या मालगाडीने होड्या येतील. मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार.

आपला,
डेल्बर्ट

ता. क. त्यातली एक होडी मी स्वतःसाठी घेतली आहे, हप्त्यांवर. वोसिका फार संकोचून म्हणाला, “साहेब, तुमचीही चौकशी करावी लागेल. तुम्हीच शिकवलंत.” माझी पत विचारायला मी आपलं नाव दिलं आहे. चौकशीचं पत्र येईल. आपला गवत कापायचा यांत्रिक विळा माझ्याकडे चार वर्षं आहे, याचा उल्लेख कृपया टाळावा.

ता. क. दुसरा. ते चौकशीचं पत्र ताईच्या हाती लागू देऊ नये. ती खरं लिहील.

ता. क. तिसरा. रुडबेकसाहेबांना काल राजीनामा पाठवला. तेव्हा चौकशीच्या पत्रात ‘व्यवसाय’ असं विचारलं असेल तिथे ‘नावाडी’ लिहावं. पाणी यायला अजून पाच महिने आहेत, ते वोसिकाला माहीत आहे.