एव्हारिस्तच्या शर्यतीतले तीन तास

मी, लेओकादी ब्रुनेल, कै. एव्हारिस्त ब्रुनेल यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार लव्हाल्वा, पॅरिसशेजारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण कलम चार वाचल्यावर काही जण नक्की शंका काढतील.

कलम १. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या बहिणीची मुलगी फिलोमेन हिला द्याव्यात. मला मूलबाळ नाही. कोपऱ्यावरचा मोटार गॅरेजवाला दर ईस्टरला येऊन विचारतो, "आजी, अजून आहात का?" त्याला ही जागा कोणत्याही परिस्थितीत विकू नये.

कलम २. पाने, पकडी आणि चाकाची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा घोडा तेओद्युल लांबेर यास द्यावा. त्याचे हात आता थरथरतात, तो काही वापरणार नाही. पण त्याने मला आयुष्यात कधी खोटे पाडले नाही. असा मला ठाऊक असलेला तो एकटाच पुरुष.

कलम ३. पोस्टातल्या शिलकीतून माझे दफन करावे. उरेल ते फिलोमेनचे. फुले नकोत, मला शिंका येतात.

कलम ४. जोडसायकल. बास्तियाँ मोरेल याने ती आपल्या दारूच्या दुकानात भिंतीवर टांगायला माझ्याकडे सात वेळा मागितली आहे. ती त्याला मिळणार नाही. का, ते एकदाचे लिहून टाकते.

१९०८ सालच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझा नवरा उतरला होता. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरुवात, रविवारी संध्याकाळी सहाला शेवट, त्याच सिमेंटच्या ट्रॅकवर गोल गोल. प्रत्येक स्पर्धकापुढे वारा अडवायला दोघांनी चालवायची एक जोडसायकल असे. आमच्या दोन जोड्या होत्या. रविवारी दुपारच्या पाळीला पुढे तेओद्युल, मागे बास्तियाँ. आदल्या वर्षी एव्हारिस्त फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. सायकल कारखान्याने बजावले होते, जिंकलास तर आमच्या मालाचे दुकान तुला, नाहीतर परत कोळशाच्या खाणीत जा. त्या फुप्फुसांनिशी खाणीत जाणे म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होते.

बास्तियाँने सकाळी ट्रॅकबाहेरच्या गाडीवर वाइनमध्ये शिजवलेली वाम खाल्ली. मी सांगितले होते, खाऊ नकोस, वास येतोय. "वहिनी, तुम्हाला सगळ्यालाच वास येतो," म्हणाला. बाराच्या सुमारास तो प्रेक्षकांच्या बाकांखाली पोट धरून आडवा पडला. दुसरी जोडी नुकतीच उतरली होती. त्यांना उभेही राहता येत नव्हते. एव्हारिस्त दोन फेऱ्यांनी पुढे होता, पण पुढे जोडसायकल नसेल तर ती आघाडी अर्ध्या तासात जाणार होती.

तेओद्युलने माझ्याकडे पाहिले. "वहिनी, हिवाळाभर पहाटे एव्हारिस्तबरोबर जोडसायकलचा सराव कोणी केला?"

"मी. हा बास्तियाँ कधी उठलाय वेळेवर?"

"मग बसा."

"बायकांना ट्रॅकवर परवानगी नाही. पकडलं तर शर्यत जाईल."

"नाही बसलात तर जातेच आहे."

बाकांआड मी बास्तियाँची जर्सी आणि चड्डी चढवली, त्याची टोपी कानांपर्यंत ओढली, धुळीचा चष्मा लावला, तोंडाला फडके बांधले. बहुतेक पंच जेवायला गेले होते, प्रेक्षकही. मी बारा वाजून दहा मिनिटांनी बसले आणि तीन वाजून दहा मिनिटांनी उतरले. चढ्या वळणावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटले, आता आपण भिंतीवरून बाहेर पडणार. मागून एव्हारिस्त ओरडला, "बास्तियाँ, नीट चालव, गाढवा!" दुसऱ्या तासाला मांड्या बधिर झाल्या. तिसऱ्या तासाला मला रडू येत होते, पण चष्म्यात पाणी साचले तर दिसणार नाही, म्हणून रडले नाही. मी उतरले तेव्हा एव्हारिस्त पाच फेऱ्यांनी पुढे होता. शेवटच्या तीन तासांना दुसरी जोडी पुन्हा उभी राहिली, आणि तो जिंकला.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "शू! कोणी ऐकलं तर?" ते मला पटले. पण दुकान मिळाले, वर्षे गेली, ती शर्यतच बंद पडली, तरी ह्याचे "शू" चालूच. दर रविवारी जेवणावर पाहुण्यांना सांगायचा, "बास्तियाँचे पाय म्हणजे लोखंड!" आणि मी त्याच बास्तियाँला सूप वाढायची. पुढे पुढे तर त्या दोघांना ते खरेच वाटते, असे मला वाटायचे. बास्तियाँने दुकानावर पाटी रंगवली: 'विजेत्याचा वाटाड्या'. वाम खाणाऱ्याने!

म्हणून जोडसायकल फिलोमेनला. तिने ती चालवावी, टांगू नये. बास्तियाँला वकिलांच्या कचेरीत बोलावून हे कलम उभ्याने ऐकवावे. वाचताना घाई करू नये.

कलम ५. एव्हारिस्तचे कपडे अजून कपाटात आहेत; ते चर्चला द्यावेत. दोन वर्षांपूर्वी तो गेला, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याची उशी सारखी करत होते. तो म्हणाला, "पहिल्याच वळणावर ओळखलं होतं मी."

"काय?"

"तुझी पाठ. बास्तियाँ म्हणून मुद्दाम ओरडलो, पंचांना ऐकू जावं म्हणून. लेओकादी, तीन तास मी फक्त तुझ्या पाठीकडे बघत होतो. नाहीतर केव्हाच उतरलो असतो."

एकेचाळीस वर्षे! मी म्हणाले, "हे आत्ता सांगतोस? घरात चिटपाखरू नसताना?" तो हसला, मग खोकला लागला. मी चिडून स्वयंपाकघरात निघून गेले, आणि तिथे बराच वेळ उभी राहिले.

कलम ६. शर्यतीचा चषक सायकल मंडळाकडे पाठवावा, सोबत या मृत्युपत्राची नक्कल. नियम मोडला गेला आहे, त्यामुळे ते विजय रद्द करू शकतात. खुशाल करावा, एव्हारिस्तला आता खाणीत कोणी पाठवू शकत नाही. मात्र नोंदवहीत रद्द करण्याचे कारण लिहावे, आणि त्या कारणात माझे नाव लिहावे. बास्तियाँच्या जागी 'एक स्त्री' असे लिहिलेले चालणार नाही. पूर्ण नाव: लेओकादी मारी ब्रुनेल. शुद्धलेखन तपासून घ्यावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. एकही शब्द खोडायचा नाही.

सही: लेओकादी मारी ब्रुनेल

आमच्यासमक्ष सही झाली:
१. ऑर्तांस पेल्तिए, इस्त्रीवाली, शेजारीण
२. सिल्व्हँ गार्नो, घड्याळजी

ठिकाण: लव्हाल्वा
दिनांक: ११ मार्च १९५१